घारे म्हणजे नेमका कोणता रंग?

मराठीत डोळ्यांच्या रंगांसाठी शब्द तसे मोजकेच. काळे, तपकिरी, पिंगट, निळे आणि घारे. यातला 'घारे' हा शब्द मला फार गमतीचा वाटतो. डोळे राखाडी असोत, हिरवट असोत, मधासारखे असोत नाहीतर धुरकट निळे असोत, काळे नाहीत ना, मग घारे! म्हणजे हा शब्द रंग सांगतच नाही. 'चारचौघांसारखे नाहीत' एवढंच सांगतो. आणि एकदा का चारचौघांपेक्षा वेगळं काही दिसलं की त्याला कारण शोधणं आलं. मग 'कोकणस्थ दिसतोय', मग 'घाऱ्या माणसाचा भरवसा धरू नये', मग 'आपले मूळ पुरुष समुद्रापलीकडून आले होते म्हणतात'. हे सगळं कशावरून, तर जेमतेम १२ मिलिमीटर रुंदीच्या एका चकतीवरून.

(माझ्या वाचकांत निम्मे नातेवाईक आणि नातेवाइकांत बरेच घारे, तेव्हा जरा जपून लिहिते आहे. तरी लिहिणार आहेच.)

आधी एक साधी गोष्ट. काळे डोळे नसतातच. कवितांत आणि गाण्यांत कितीही काळेभोर असले तरी ते गडद तपकिरी असतात. उन्हात जवळून पाहिलं की तपकिरी दिसतात, हातभर लांब गेलं की काळे. खरं काळं काय असतं, तर मधली बाहुली, आणि ते तर नुसतं भोक आहे. आत गेलेला प्रकाश फारसा बाहेर येत नाही म्हणून काळं दिसणारं भोक. (बाहुलीला बाहुली म्हणतात, कारण समोरच्याच्या डोळ्यात आपलंच इवलंसं प्रतिबिंब बाहुलीसारखं दिसतं. इंग्रजी 'प्युपिल' ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचाही अर्थ छोटी मुलगी, बाहुली असाच आहे.)

बाहुलीभोवतीची रंगीत चकती म्हणजे परितारिका. तिचं काम प्रकाश कमीजास्त करणं. भर उन्हात बाहुली दोनेक मिलिमीटरची होते, अंधारात सात-आठची. परितारिकेच्या मागच्या बाजूला मेलॅनिनने गच्च भरलेला एक काळपट थर असतो, आणि जन्मजात रंगहीनता असलेली माणसं सोडली तर तो सगळ्यांना सारखाच असतो, घाऱ्यांना आणि निळ्या डोळ्यांच्या स्वीडिश माणसालासुद्धा. जुन्या कॅमेऱ्याच्या पेटीला आतून काळा रंग देत, तसाच तो प्रकाश अडवतो. फरक असतो तो पुढच्या, विरळ तंतूंच्या थरात. तिथे मेलॅनिन भरपूर असेल तर डोळे तपकिरी. कमी असेल तर गंमत सुरू होते.

निळ्या डोळ्यांत निळा रंग नसतो. नसतो म्हणजे नसतोच. ज्यांनी चूल पाहिली आहे त्यांना हे चटकन कळेल. स्वयंपाकघरातल्या काळ्या भिंतीसमोरून चुलीचा धूर वर जाताना, कौलातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात तो निळसर दिसतो. तोच धूर बाहेर पडून उजळ आभाळासमोर आला की तांबूस, मळकट दिसतो. धुरात निळं काही नाही, पण त्यातले बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात आणि मागे काळोख असला की तेवढाच आपल्यापर्यंत पोचतो. गटेने १८१० च्या आपल्या रंगांवरच्या ग्रंथात अशा धुरकट माध्यमांबद्दल पानंच्या पानं लिहिली. पुढे १८६० च्या दशकाच्या अखेरीस जॉन टिंडलने काचेच्या नळीत बारीक कणांचे ढग करून तो निळा रंग प्रयोगशाळेत दाखवला आणि १८७१ मध्ये रॅलेने त्याचं गणित मांडलं. डोळ्यांतही हेच होतं. पुढे विरळ तंतू, मागे काळा थर. मधे थोडंसं पिवळट-तपकिरी मेलॅनिन आलं की निळं हिरवट होतं, आणखी थोडं आलं की मधासारखं. आमचे घारे डोळे या मधल्या पट्ट्यात कुठेतरी येतात. मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशींची संख्या सगळ्यांच्या डोळ्यांत साधारण सारखीच असते, त्या किती मेलॅनिन भरतात एवढाच फरक.

आता रंग जर असा प्रकाशाच्या खेळातून येणारा, तर तो प्रकाशाबरोबर बदलणारच. 'तिचे डोळे कधी हिरवे दिसतात, कधी राखाडी' हे कवित्व नाही, खरोखर तसं दिसतं. त्यात पाहणाऱ्याचा मेंदू आपली भर घालतो. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगविभागाचा प्रमुख असलेल्या शेव्ह्रलकडे तक्रार आली होती की इथला काळा रंग फिका पडतो. त्याने तपासलं, तर रंगात काहीच खोट नव्हती, शेजारच्या धाग्यांच्या रंगामुळे काळा फिका दिसत होता. त्यावर त्याने १८३९ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला. घाऱ्या डोळ्यांचं साडीच्या रंगाशी जे नातं असतं, ते हेच. गायक डेव्हिड बोवीचे दोन डोळे दोन रंगांचे होते असं जगभर लोक छातीठोकपणे सांगत. प्रत्यक्षात शाळेत असताना, १९६२ मध्ये, मित्राच्या ठोशाने त्याच्या डाव्या डोळ्याची बाहुली कायमची मोठी होऊन बसली होती. काळं भोक मोठं, म्हणून भोवतीचा निळा कमी, म्हणून 'वेगळा रंग'!

इतक्या लहरी गोष्टीवरून माणसाची ओळख पटवायची, तर आधी शब्दांचा बंदोबस्त करायला हवा, हे पहिल्यांदा पक्कं ओळखलं ते पॅरिसच्या पोलिसांतल्या आल्फाँस बर्तियाँने. १८८० च्या दशकात गुन्हेगारांची मापं घेण्याची त्याची पद्धत प्रसिद्ध झाली. त्याच्या लक्षात आलं की एक पोलीस ज्याला राखाडी लिहितो त्यालाच दुसरा निळा लिहितो. म्हणून त्याने निळं, राखाडी हे शब्दच बाजूला ठेवले आणि पिवळं, नारिंगी, तपकिरी रंगद्रव्य किती आहे यावरून सात वर्ग केले. पहिला वर्ग म्हणजे रंगद्रव्य नसलेले. मला हा माणूस यासाठी आवडतो, की निळा रंग 'असत' नाही, नसण्यामुळे दिसतो, हे त्याच्या तक्त्याने मान्य केलं होतं. त्याला हवा होता एकेक चोर. जात, वंश, मूळ पुरुष नव्हते शोधायचे.

ते शोधणारे दुसरे होते.

१८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स हरला आणि चिडलेल्या एका फ्रेंच मानवशास्त्रज्ञाने, कात्रफाजने, लिहिलं की प्रशियाचे लोक खरे जर्मन नाहीतच, ते फिनिश वंशाचे आहेत. यावर बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्खोने (पेशींवरच्या कामामुळे वैद्यकशास्त्रात अजरामर झालेला तोच) ठरवलं की वाद घालण्यापेक्षा मोजू या. जर्मनीभरच्या शाळांतून मास्तरांनी मुलांच्या डोळ्यांचे, केसांचे आणि कातडीचे रंग लिहून पाठवले. जवळजवळ ६७ लाख ६० हजार मुलं! काही भागांत तर निळ्या डोळ्यांची मुलं उचलून परदेशी पाठवणार अशी अफवा उठली आणि लोक घाबरले. १८८६ मध्ये सगळे आकडे प्रसिद्ध झाले. सोनेरी केस, निळे डोळे, गोरी कातडी असं तिन्ही एकत्र असलेली मुलं निघाली एकतृतीयांशापेक्षाही कमी, ३२ टक्क्यांच्या आसपास. पूर्ण सावळ्या ठेवणीची १४ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलं या दोन्हींच्या अधलीमधली, भेसळीची. आणि ज्यू मुलांत? तिथेही ११ टक्के मुलं सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची.

फिर्खोने यातून काढलेला निष्कर्ष सरळ होता. 'शुद्ध जर्मन वंश' म्हणून काही दाखवता येत नाही. पण मला या मोजणीतली एक गोष्ट खटकत राहते. ज्यू मुलांचा रकाना वेगळा होता. उत्तर काहीही आलं तरी वर्गात मास्तर उभं करून डोळे बघतो आहे आणि काही जणांचं नाव वेगळ्या रकान्यात लिहितो आहे, हे लाखो मुलांनी पाहिलं. आकडे विसरले गेले. रकाना लक्षात राहिला असावा.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुडॉल्फ मार्टिन या मानवशास्त्रज्ञाने मोजणाऱ्यांची सोय केली. १६ काचेचे डोळे एका पेटीत ओळीने बसवलेले, गडद तपकिरीपासून फिक्या निळ्यापर्यंत. पेटी माणसाच्या चेहऱ्याशेजारी धरायची, जुळणारा डोळा शोधायचा आणि आकडा लिहायचा. साडीला मॅचिंग ब्लाउजपीस शोधावा तसं. ही पेटी, केसांच्या नमुन्यांची पट्टी आणि कवटी मोजायचा कंपास घेऊन माणसं जगभर हिंडली. १९२७ मध्ये बर्लिनच्या डालेम भागात मानवशास्त्र, आनुवंशिकी आणि सुप्रजननाची कैसर विल्हेल्म संस्था उघडली, तिचा प्रमुख ऑयगेन फिशर. आणि इथे आपला, मराठी माणसांचा, संबंध येतो.

कारण १९२० च्या दशकाच्या शेवटी या फिशरच्या हाताखाली डॉक्टरेट करायला पुण्याहून इरावती कर्वे गेल्या. 'युगांत'वाल्या इरावतीबाई. मुंबई विद्यापीठात घुर्ये यांच्याकडे चित्पावनांवर प्रबंध लिहून झालेला होता, स्वतः चित्पावनच. बर्लिनच्या त्या काळात त्यांनी जर्मन भाषेत चित्पावनांच्या डोळ्यांच्या रंगांवर एक छोटा लेखही लिहिला. घारे डोळे इतके दिवस घरातल्या गप्पांत आणि लग्नाच्या बोलणीत होते, ते असे बर्लिनच्या शास्त्रीय नियतकालिकात जाऊन बसले.

पण त्यांचं मोठं काम वेगळं होतं. फिशरचा कयास होता की कवटीच्या डाव्याउजव्या बाजूंतला फरक वंशावर अवलंबून असतो, आणि युरोपियनांच्या बुद्धीचं श्रेष्ठत्व त्यात कुठेतरी दडलेलं आहे. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या, आणि तसा काही संबंध दिसत नाही, असं प्रबंधात लिहून दिलं. पंचविशीच्या आसपासची हिंदुस्थानी बाई, परक्या भाषेत, ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून त्याच्याच सिद्धांताविरुद्ध. पदवी मिळाली. पुढे भारतात येऊन त्यांनी स्वतः बरीच वर्षं माणसांची मापं घेतली, हेही खरं. मोजण्यावरचा त्यांचा विश्वास उडाला नव्हता. पण मोजल्यावर जे आलं ते लिहायचं, न आलेलं नाही लिहायचं, एवढं त्या पाळत होत्या.

त्याच संस्थेत पुढे काय झालं ते लिहिताना हात जड होतो, पण घाऱ्या डोळ्यांचा अभिमान बाळगणाऱ्या कुणालाही हे माहीत असायला हवं असं मला वाटतं. १९४० च्या दशकात तिथे कारिन माग्नुसेन नावाची संशोधिका परितारिकेच्या रंगद्रव्यावर काम करत होती. दोन डोळे दोन रंगांचे असलेल्या माणसांत तिला विशेष रस होता. संस्थेची सूत्रं आता फेरशूअर या प्राध्यापकाकडे आली होती आणि त्याचा जुना विद्यार्थी योझेफ मेंगेले आउशवित्झच्या छळछावणीत डॉक्टर होता. तिला ज्या सिंटी कुटुंबातले असे डोळे अभ्यासायचे होते, ते कुटुंब आउशवित्झला नेलं गेलं. त्यातली माणसं मेली किंवा मारली गेली, आणि त्यांचे डोळे बर्लिनला तिच्या टेबलावर पोचले. छावणीत मेंगेलेने जिवंत मुलांच्या डोळ्यांत रंग बदलतो का ते बघायला औषधं घातली, असं वाचलेल्यांनी सांगून ठेवलं आहे.

युद्धानंतर माग्नुसेन ब्रेमेनमध्ये शाळेत शिक्षिका झाली. विषय जीवशास्त्र. १९९७ मध्ये म्हातारपणाने वारली. संस्थेची इमारत आजही आहे, बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीकडे, आणि दारावर १९८८ मध्ये लावलेली एक पाटी आहे.

यानंतर जनुकांबद्दल बोलणं जरा कोरडं वाटेल, पण तो धागा सोडून चालणार नाही, कारण 'डोळे रक्तातून येतात' हे तर खरंच आहे. १९०७ मध्ये अमेरिकेत डेव्हनपोर्ट पतिपत्नींनी आणि पाठोपाठ इंग्लंडमध्ये हर्स्टने (त्याने लेस्टरशायरमधल्या बर्बेज गावच्या शाळेतली मुलं तपासली होती) मेंडेलचे वाटाण्यांचे नियम डोळ्यांना लावले. तपकिरी प्रभावी, निळा अप्रभावी, आईबाप दोघं निळ्या डोळ्यांचे असतील तर मूल तपकिरी डोळ्यांचं होणार नाही. हा सुटसुटीत तक्ता शंभर वर्षं पाठ्यपुस्तकांत राहिला आणि त्यापायी कितीतरी घरांत नको त्या शंका आल्या असतील. गोष्ट तितकी सोपी नाही. २००८ मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी दाखवलं की निळ्या डोळ्यांमागे मुख्यतः एका जनुकाशेजारचा छोटासा बदल आहे, जणू मेलॅनिनचा नळ अर्धवट बंद करणारी चावी. पण २०२१ मध्ये जवळजवळ १ लाख ९५ हजार लोकांचा अभ्यास झाला तेव्हा डोळ्यांच्या रंगाशी संबंधित ६१ जागा सापडल्या. तेव्हा निळ्या डोळ्यांच्या जोडप्याला तपकिरी डोळ्यांचं मूल क्वचित, पण होऊ शकतं, आणि दोन काळ्या डोळ्यांच्या घरात एक घारं पोर अवचित निघणं यात तर काहीच नवल नाही.

आणि मूळ पुरुषांचं काय? सह्याद्रिखंडातली कथा आहे की परशुरामाने समुद्राकाठी वाहून आलेली १४ प्रेतं चितेवर शुद्ध करून जिवंत केली. कोकणातल्याच बेने इस्रायल लोकांची कथा फुटलेल्या जहाजातून वाचून नवगावला लागलेल्या सात जोडप्यांची. किनाऱ्यावरच्या लोकांना समुद्रातून आलेल्या पूर्वजांची गोष्ट सुचणं साहजिक आहे. पण आमच्याकडे त्या गोष्टीला डोळ्यांचा पुरावा जोडायची पद्धत आहे: घारे, म्हणजे गोरे, म्हणजे तिकडचे. हे गाठोडं आता सुटलं आहे. स्पेनमधल्या ला ब्राञा गुहेत सापडलेल्या सुमारे ७००० वर्षांपूर्वीच्या माणसाचा डीएनए २०१४ मध्ये वाचला गेला. डोळे निळे आणि कातडी काळी! इंग्लंडमधला दहा हजार वर्षांपूर्वीचा 'चेडर मॅन' २०१८ मध्ये तसाच निघाला. खुद्द युरोपात हजारो वर्षं फिके डोळे आणि गोरी कातडी एकमेकांना ओळखतही नव्हती. इकडे घारे डोळे कोकणस्थांत आहेत तसे देशस्थांत, मराठ्यांत, सारस्वतांत, कोकणी मुसलमानांतही सापडतात. आणि मारुतीच्या बारा नावांत एक 'पिंगाक्ष' आहे, त्याला कुणी युरोपातून आणलेलं नाही.

डोळ्यांवरून ओळख पटवण्याचं बर्तियाँचं स्वप्न मात्र पुरं झालं, फक्त रंग सोडून देऊन. स्टीव्ह मॅकरीने १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत काढलेला अफगाण मुलीचा फोटो आठवत असेल, तिच्या हिरव्या डोळ्यांसाठी जगभर गाजलेला. २००२ मध्ये तीच बाई पुन्हा सापडली तेव्हा खात्री करून देणाऱ्या जॉन डॉगमनने रंगाला हात लावला नाही. परितारिकेच्या धाग्यांची जी नक्षी असते ती जुळवली. ही नक्षी गर्भातच तयार होते, जुळ्या भावंडांची वेगळी असते, इतकंच काय आपल्याच दोन डोळ्यांची वेगवेगळी असते.

आपल्या आधारच्या यंत्रातही हेच तंत्र आहे. पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, तेव्हापासून डोळ्यांचे फोटो घेतले जात आहेत. यंत्र अवरक्त प्रकाशात फोटो काढतं. त्या प्रकाशाला मेलॅनिन फारसं अडवत नाही, त्यामुळे गडद तपकिरी डोळ्यांतली नक्षीसुद्धा स्वच्छ उमटते आणि घारे, काळे सगळेच राखाडी दिसतात. आमच्या घरातल्या घाऱ्या मंडळींचे ते फोटो एकदा बघायला आवडले असते, पण कार्डावर ते छापत नाहीत.